चिलापी तव्यावर, कटला रश्श्यात, मरळ पोरांना : उजनीकाठच्या घरात ताजा मासा असा शिजतो

करमाळा : उजनी धरणाचं पाणी करमाळा, इंदापूर, माढा, कर्जत आणि दौंड तालुक्यांच्या शिवारापर्यंत पसरलेलं आहे. भीमा नदीवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि काठावरच्या गावांच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीबरोबर मासा आला. आज भिगवणच्या हॉटेलात मासे खायला पुण्या-सोलापूरहून गाड्या येतात. पण ज्या घरांच्या दारातून पाणी दिसतं, त्याच घरांत बऱ्याच वेळा मासा बिघडतो. कुठं उन्हात नासतो, कुठं मसाल्यात बुडतो, तर कुठं काट्याच्या भीतीनं पोरांच्या ताटात पोचतच नाही.

मासा ताजा असेल तर त्याला फार काही लागत नाही. लसूण, हळद, मीठ, तिखट आणि काहीतरी आंबट, एवढं पुरतं. बाकी सगळं अवलंबून असतं मासा कोणत्या जातीचा आहे आणि तो साफ कसा केला यावर. एकाच मसाल्यात सगळे मासे टाकायची सवय सोडली, तर त्याच पैशात घरातल्या सगळ्यांना पोटभर आणि चवीचं जेवण होतं.

आधी मासा ओळखा

काठावर सकाळी जाळी निघतात तेव्हा मासा घेणं सगळ्यात चांगलं. घेताना चार गोष्टी बघाव्यात. कल्ले उघडून बघावेत, ते लालभडक पाहिजेत. तपकिरी किंवा चिकट झाले असतील तर मासा शिळा. डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, आत गेलेला किंवा दुधाळ नको. अंगठ्यानं दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. आणि वास पाण्याचा, शेवाळाचा यावा, कुजका किंवा अमोनियासारखा नको.

पाण्यावर तरंगणारा मेलेला मासा फुकट मिळाला तरी घरी आणू नये. उन्हाळ्यात पाणी आटतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा मासे मरून काठाला लागतात. वरून खाली येणाऱ्या सांडपाण्यामुळंही मासे मरतात. असा मासा कधी मेला आणि कशानं मेला, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट मोटारसायकलची. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून मासा हँडलला अडकवला आणि वाटेत दोन ठिकाणी गप्पा मारल्या, की उन्हाळ्यात घरी येईपर्यंत पोट मऊ पडायला लागतं. त्यापेक्षा ओल्या गोणपाटात गुंडाळावा किंवा डब्यात बर्फ घ्यावा. बर्फ नसेल आणि घर लांब असेल, तर काठावरच पोट साफ करून आणावं. मासा आधी पोटातून बिघडतो.

निम्मी चव साफ करण्यात

खवले काढल्यावर पोट उघडताना सुरी वरवर चालवावी. आत हिरवट-काळी पित्ताची पिशवी असते. ती फुटली तर सगळा तुकडा कडू होतो. फुटलीच तर तेवढा भाग लगेच कापून टाकावा आणि मीठ लावून धुवावं.

या पित्ताबद्दल एक इशारा महत्त्वाचा आहे. रोहू, कटला, गवत्या अशा माशांचं पित्त कच्चं गिळलं की दमा जातो, साखर उतरते, असं काही ठिकाणी सांगितलं जातं. हे औषध नाही, विष आहे. असं पित्त गिळल्यानं उलट्या-जुलाब होऊन मूत्रपिंड निकामी झाल्याचे रुग्ण आपल्या देशात डॉक्टरांनी नोंदवले आहेत. शिजवल्यानंही त्याचा धोका जात नाही. पित्त सरळ फेकून द्यावं. कुणी चुकून गिळलं असेल, तर त्रास व्हायची वाट न बघता दवाखाना गाठावा.

पोट रिकामं झालं की पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखानं किंवा चमच्यानं खरवडून काढावी. चिलापीच्या पोटात आतून काळा पापुद्रा असतो, तोही काढावा. अनेक जण म्हणतात, 'धरणाच्या माशाला चिखलाचा वास येतो.' हा वास पाण्यातल्या शेवाळातून माशाच्या अंगात येतो आणि कातडी व चरबीत जास्त बसतो. रक्ताची रेघ आणि पापुद्रा काढला, मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवलं, मग लिंबू, चिंचेचा कोळ किंवा आंबट ताक चोळून धुतलं, की वास बराच मरतो. आंबट चोळायचं ते यासाठी, नुसत्या चवीसाठी नाही.

तुकडे केल्यावर मासा पाण्यात भिजत ठेवू नये. दोन पाण्यांनी धुवावा आणि चाळणीत निथळत ठेवावा. ओला मासा तेलात टाकला की चिकटतो आणि फुटतो.

चिलापी : तव्यावरचा राजा

चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आली आणि आता धरणात तीच सगळ्यात जास्त हाताला लागते. मांस पांढरं, बारीक काटे कमी आणि अंगचा रस कमी. म्हणून ती रश्श्यापेक्षा तव्यावर चांगली लागते.

पाव किलोच्या आसपासच्या चार चिलाप्या घ्याव्यात. डोकं ठेवून दोन्ही बाजूंनी तिरके तीन-तीन काप द्यावेत, काप कण्यापर्यंत गेले पाहिजेत. मीठ, चमचाभर हळद आणि एका लिंबाचा रस चोळून पंधरा मिनिटं ठेवावं. बारा-पंधरा लसणाच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि मूठभर कोथिंबीर पाट्यावर किंवा मिक्सरला जाडसर वाटावी. त्यात दोन चमचे काळं तिखट कालवून हे वाटण कापांच्या आत भरावं. वरून नुसता लेप दिला तर मसाला तव्यावर राहतो आणि मासा आतून फिका.

वरून तांदळाचं जाडसर पीठ किंवा रवा लावावा. भाकरीचा लोखंडी तवा आधी चांगला तापवावा, मग तेल टाकावं, तेल तापल्यावर मासा. घाई इथंच नडते. गार तव्यावर टाकलेला मासा कातडी सोडून येतो. मध्यम आचेवर एका बाजूनं सहा-सात मिनिटं, मग एकदाच उलटावा आणि दुसरी बाजू तेवढीच. सारखा उलटापालटा केला की तुकडे होतात. कण्याजवळचं मांस काट्यापासून सहज सुटलं म्हणजे झाला.

ढाब्यावर दिसतो तसा लालभडक रंग घरात आणायची गरज नाही. तो बऱ्याच ठिकाणी खाण्याच्या रंगाचा असतो, मिरचीचा नव्हे.

कटला-रोहू : डोक्यासकट कालवण

कटला मोठा, डोकं भारी, चरबी चांगली. रोहूचं मांस गोडसर, पण बारीक काटे जास्त. दोन्ही मासे कालवणाचे. तुकडे दोन बोटं जाड ठेवावेत, पातळ केले तर रश्श्यात विरघळतात. डोकं टाकून देऊ नये. रश्श्याची खरी चव कटल्याच्या डोक्यातून उतरते. कल्ले मात्र काढून टाकावेत, नाहीतर कडवट लागतं.

किलोभर माशाला दोन कांदे निखाऱ्यावर सालासकट भाजावेत, गॅस असेल तर जाळीवर. अर्धी वाटी सुकं खोबरं खरपूस भाजावं. त्यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटावं. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवावी. पातेल्यात तीन पळ्या तेल तापवून वाटण तेल सुटेपर्यंत परतावं. मग हळद, दोन-तीन चमचे काळं तिखट आणि पाच-सहा पेले गरम पाणी. रस्सा दाट पाहिजे असेल तर चमचाभर येसर पाण्यात कालवून सोडावी.

रस्सा खळखळून उकळला की मीठ आणि चिंचेचा कोळ घालावा. डोकं आधी टाकावं, पाच मिनिटांनी तुकडे. त्यानंतर पळी घालायची नाही. पातेलं फडक्यानं दोन्ही कडांना धरून हळूच हलवायचं. आठ-दहा मिनिटांत मासा शिजतो. खाली उतरवून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवलं की आंबट-तिखट तुकड्यात मुरतं. मटणासारखा तासभर उकळत ठेवला, तर पातेल्यात नुसते काटे उरतात.

रोहू तळायचा असेल तर तुकड्याच्या मांसल बाजूला सुरीनं अगदी जवळजवळ, दोन-तीन दाण्यांच्या अंतरानं काप द्यावेत. सुरीखाली बारीक काटे कट-कट तुटल्याचा आवाज येतो. तुटलेले काटे तेलात कुरकुरीत होतात आणि घशाला लागत नाहीत.

मरळ : पोरांसाठी आणि आजाऱ्यांसाठी

मरळ महाग, पण वारंवार घेतला नाही तरी चालतो. याला मधला काटा असतो, मांसात घुसलेले बारीक काटे जवळपास नसतात. म्हणून लहान पोरं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेला माणूस यांच्यासाठी तो सगळ्यात सोयीचा. हा मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळं ओल्या गोणपाटात तासन्‌तास जिवंत राहतो. बाजारात तो जिवंतच विकला जातो, तसाच घ्यावा.

त्याचं अंग बुळबुळीत. चुलीतली गार राख चोळली की हातातून निसटत नाही आणि चिकटाही निघतो. वाम साफ करतानाही हीच युक्ती चालते.

पोरांसाठी अळणी करावा. थोड्या तेलात ठेचलेला लसूण, हळद, चिमूटभर मिरपूड, मीठ आणि दोन पेले पाणी. उकळी आली की मरळाचे तुकडे टाकून बारा-पंधरा मिनिटं शिजवावेत. तुकडा बाहेर काढून बोटांनी कुस्करून, काटा तपासून, मऊ भातात कालवून द्यावा. उरलेल्या तुकड्यांत भाजलेलं खोबरं-कांद्याचं वाटण आणि तिखट घालून मोठ्या माणसांसाठी अंगाबरोबर सुकं करता येतं. एकाच माशात दोन पदार्थ होतात, वेगळी चूल लागत नाही.

मरळ असो की दुसरा कोणता, अर्धकच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातल्या माशात कधीकधी परजीवी असतात, ते पूर्ण शिजवल्यावरच मरतात.

बारीक मासळी : स्वस्त आणि सगळ्यात कसदार

जाळ्यात बोटाएवढी बारीक मासळी येते तिला भाव कमी. साफ करायला वेळ लागतो म्हणून बायका कुरकुर करतात, पण कस तिच्यातच जास्त. ही मासळी काट्यासकट चावून खाता येते, त्यामुळं हाडांना लागणारं कॅल्शियम मिळतं. मोठ्या माशाचा काटा आपण टाकून देतो, इथं तोच पोटात जातो.

पोट दाबून घाण काढावी. परातीत जाडं मीठ घालून दोन्ही हातांनी चोळावं, खवले आणि चिकटा सुटतो. चार पाण्यांनी धुवावी. पातेल्यात कच्च्या तेलात चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, हळद, मीठ कालवून त्यात मासळी पसरावी. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी, एरवी चिंच. अर्धा पेला पाणी शिंपडून झाकण ठेवावं आणि मंद आचेवर शिजवावं. पळी नको, पातेलंच हलवायचं. भाकरीबरोबर याची चव वेगळीच.

काटे मऊ पाहिजे असतील तर हेच थोड्या जास्त पाण्यात कुकरला लावावं. तीन-चार शिट्ट्या आणि मग बारीक आचेवर पंधरा मिनिटं. आंबट आणि वाफ मिळून बारीक काटे मऊ पडतात.

केळीच्या पानातला मासा

करमाळा तालुक्यात कंदर परिसरात केळीच्या बागा आहेत. पान बांधावर फुकट मिळतं. ते आचेवर धरून मऊ करावं. चिलापी किंवा रोहूच्या तुकड्यांना हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, हळद, मीठ, लिंबू यांचं वाटण लावावं, पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधावं. तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं किंवा चुलीतल्या मंद आरावर ठेवावं. पान काळं पडतं, मासा आत वाफेवर शिजतो. तेल चमचाभर लागतं. रक्तदाब, हृदयाचा त्रास आहे म्हणून तळलेलं बंद झालेल्या माणसाला मासा बंद करायची गरज नाही, पद्धत बदलली की झालं. मीठ तेवढं हात आखडून घालावं.

माळकऱ्याचं घर आणि वेगळं पातेलं

भीमेचं हेच पाणी पुढं पंढरपूरला जातं. काठावरच्या कित्येक घरांत एकाच्या गळ्यात तुळशीची माळ आणि दुसऱ्याच्या हातात जाळं असतं. अशा घरांनी वाट काढलेली आहे. एकादशी, सोमवार, गुरुवार, श्रावण सोडून बुधवार, शुक्रवार किंवा रविवारी मासा. अंगणात तीन दगडांची चूल, त्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा तवा. चव मात्र याच चुलीवरची लोक नावाजतात. बाहेरच्या चुलीचा धूर घरात कोंडत नाही, हा आणखी एक फायदा.

तुकडा कुणाच्या ताटात?

मासा कसा शिजवायचा याइतकाच तो कसा वाढायचा हाही प्रश्न आहे. अजून बऱ्याच घरांत आधी गडीमाणसं बसतात, मग पोरं, आणि शेवटी बायकांच्या वाट्याला रस्सा आणि शेपटी उरते. १०० ग्रॅम रोहूत साधारण १६ ते १९ ग्रॅम प्रथिनं असतात. रश्श्यात मसाला आणि चव असते, पण प्रथिनं बहुतेक तुकड्यातच राहतात. पोटूशी बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची मुलगी यांना त्याची गरज इतरांपेक्षा कमी नाही. पातेलं उतरल्या उतरल्या माणसागणिक तुकडे वेगळे काढून ठेवले, तर शेवटी जेवणारीलाही तुकडा मिळतो. याला खर्च काहीच लागत नाही.

काही समज, काही सावधगिरी

'मासा खाऊन दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं,' असं घरोघरी सांगतात. कोड हा त्वचेचा रंग तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यानं होतो. मासा आणि दूध एकत्र खाण्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. ज्यांना माशाची ॲलर्जी आहे, अंगावर पित्त उठतं किंवा श्वास लागतो, त्यांनी मात्र मासा टाळावाच.

काटा घशात अडकला तर कोरड्या भाकरीचा मोठा घास गिळायची पद्धत आहे. त्यानं काटा आणखी खोल रुतू शकतो. आधी खोकून बघावं. दुखणं राहिलं, थुंकी गिळता येईना किंवा रक्त दिसलं तर दवाखान्यात जावं. पोरांना मासा वाढताना टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवला, तर निम्मे काटे तिथंच टळतात.

विदेशी मांगूर नावाचा मासा स्वस्तात विकायला येतो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातलेली आहे. तो घाणीवरही पोसला जातो आणि पाण्यातले देशी मासे संपवतो. स्वस्त म्हणून घेऊ नये.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंड्यांवर येतात. गाभोळी चवीची असते, हळद-तिखट लावून मंद आचेवर आतपर्यंत शिजवली की पोरंही खातात. पण अंड्यांनी भरलेली एक मादी म्हणजे पुढच्या हंगामातले हजारो मासे. पहिल्या पावसात ओढ्यानं वर चढणारी मासळी बारीक जाळ्यानं झाडून काढली, तर पुढं पातेल्यात टाकायला काही उरणार नाही. त्या दीड-दोन महिन्यांत चिलापीवर भागवावं. ती वर्षातून अनेक वेळा अंडी घालते, तिचा तुटवडा पडत नाही.

उरलं तर

ज्यांच्याकडं फ्रीज नाही त्यांनी लागेल तेवढाच मासा आणावा. जास्त आलाच तर उरलेल्या तुकड्यांना मीठ-हळद लावून त्याच रात्री कडक तळून ठेवावेत, कच्चे ठेवू नयेत. चिंचेचं कालवण थंडीत रात्री आणि सकाळी खळखळून उकळलं तर सकाळच्या न्याहारीला चालतं, काहींना तर मुरलेलं जास्त आवडतं. उन्हाळ्यात ही जोखीम नको. फ्रीज असला तरी लाईट रात्रभर जात असेल तर तो फ्रीज धरूच नये.

थोडक्यात हिशोब असा : अंगात रस कमी तो तव्यावर, डोकं भारी तो कालवणात, काटे कमी तो पोरांना, आणि बोटाएवढा असेल तो आंबटात काट्यासकट. एवढं लक्षात ठेवलं तर काठावर जे जाळ्यात येईल, ते घरी वाया जात नाही.